राहत्या घरात तोडफोड आणि मुलांची सुट्टी: दोन्ही एकाच वेळी निभावताना

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत याची खात्री होईल. मुलांना 6 आठवड्यांची सुट्टी आहे, त्याच काळात स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर पूर्ण उखडून नवे करायचे आहे, कंत्राटदाराने 4 आठवड्यांची मुदत सांगितली आहे आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात पाहुणे यायचे आहेत. घरात 9 आणि 4 वर्षांची दोन मुले आहेत, सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, आणि काम अजून सुरूही झालेले नसताना टाइल्सच्या रंगावरून तुम्हा नवरा-बायकोत दोनदा वाद झाला आहे. अशा स्थितीत घरातच राहावे की महिनाभर दुसरीकडे जावे, असे तुम्ही विचारले आहे.

राहावे की जावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण मला तो दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. गेली 22 वर्षे मी माणसे राहत असलेल्या घरांच्या दुरुस्तीवर देखरेख करत आलो आहे आणि एकदा स्वतःच्या घराचेही काम याच पद्धतीने, आत राहून, केले आहे. काही घरांतली माणसे काम संपेपर्यंत एकमेकांशी नीट बोलत राहतात आणि काही घरांत तिसऱ्या आठवड्यापर्यंत अबोला धरला जातो. धूळ, आवाज आणि उशीर दोन्हींकडे जवळपास सारखाच असतो. पहिल्या प्रकारच्या घरांनी मात्र दोन गोष्टी हातोडा पडण्याआधीच ठरवलेल्या असतात: घराचा कोणता भाग कामाला मुळीच द्यायचा नाही, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी कामाचा विषय काढायचा. या दोन गोष्टी ठरल्या की राहण्या-जाण्याचे उत्तर पुष्कळसे आपोआप मिळते.

तरीही काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्या पत्रात आलेल्या नाहीत. घरात दुसरे शौचालय आहे का, हे मला सर्वांत आधी कळायला हवे. नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: न्हाणीघराचे काम चालू असेपर्यंत सर्वांनी बाहेर राहावे, किंवा या सुट्टीत फक्त स्वयंपाकघर करावे. लहान मूल आणि वयस्क माणूस असलेल्या घरात शेजाऱ्यांच्या शौचालयावर 3 आठवडे काढता येत नाहीत. पहिल्या दोन दिवसांचा उत्साह ओसरला की त्यातला संकोच सर्वांनाच जड जातो. घर किती जुने आहे आणि सासूबाईंचा दमा कितपत आटोक्यात आहे, यांवरही बरेच ठरते. दम्याबाबतचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. यापुढचे सारे मी दुसरे शौचालय आहे असे गृहीत धरून लिहितो.

आता त्या 4 आठवड्यांकडे वळू. कंत्राटदार खोटे बोलत आहे असे मला म्हणायचे नाही, पण मुदत सांगताना बहुतेक जण हात चालण्याचे दिवस मोजतात आणि थांबण्याचे दिवस सोडून देतात. सिमेंट वाळून घट्ट होते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक प्रक्रियेने घट्ट होते, म्हणूनच त्यावर पाणी मारून ते काही दिवस ओले ठेवावे लागते. पहिल्या 7 दिवसांत त्याला साधारण दोन तृतीयांश ताकद येते आणि हिशेबाची पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात. प्रत्येक टप्प्यावर 28 दिवस थांबावे लागत नाही, हे खरे. पण नव्या गिलाव्यातली ओल निघण्याआधी त्यावर रंग लावला तर काही महिन्यांत पोपडे निघतात. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंगचे थर एकमेकांवर घाई करून चढवता येत नाहीत, आणि ते चढल्यावर जमिनीवर पाणी साठवून किमान 24 तास गळती तपासावी लागते. मी 48 तास ठेवतो. त्यानंतर टाइल्स बसल्या की बहुतेक चिकट मसाल्यांसाठी दिवसभर त्यांवर पाय पडू न देता थांबायचे, मग सांधे भरायचे, आणि कडांना सिलिकॉन लावल्यावर पुन्हा एक दिवस पाणी बंद ठेवायचे. या थांबण्याच्या दिवसांत घरात कोणी कारागीर दिसत नाही, म्हणून घरातली माणसे अस्वस्थ होतात आणि कंत्राटदारामागे लकडा लावतात. गळती तपासायचे 2 दिवस याच लकड्यापायी गाळले जातात आणि पुढच्या वर्षी तीच टाइल पुन्हा फोडावी लागते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

म्हणून पाहुण्यांची तारीख घेऊन उलटे मोजत या. ते येण्याआधीचे 7 ते 10 दिवस रिकामे सोडा आणि उरलेल्या दिवसांत कंत्राटदाराला कामाचा दिवसवार तक्ता लिहून द्यायला सांगा. त्यात थांबण्याचे दिवस वेगळ्या शाईने दाखवलेले असावेत. तक्ता बसत नसेल तर तो आताच बसत नाही हे कळणे तुमच्या फायद्याचे आहे. अशा वेळी न्हाणीघर या सुट्टीत आणि स्वयंपाकघर पुढच्या वेळी, असा तुकडा पाडण्याचा सल्ला मी बहुतेक कुटुंबांना देतो.

धुळीबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या घरात तिचा प्रश्न गैरसोयीपुरता नाही. विटा, काँक्रीट, दगड आणि टाइल्स कोरड्या कापल्या की सिलिकाचे, म्हणजे वाळू-दगडातल्या खनिजाचे, अतिसूक्ष्म कण हवेत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने 1997 मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तो इशारा मुख्यतः वर्षानुवर्षे या धुळीत काम करणाऱ्यांसाठी आहे, महिनाभर शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने त्याने घाबरून जाऊ नये; पण तुमच्या घरी काम करणारा माणूस ही धूळ रोज घेतो, म्हणून त्याच्यासाठीही कटाई पाणी सोडून करण्याचा आग्रह धरा आणि त्याच्या तोंडावर बसणारा चांगला मास्क आहे ना, हे पाहा. दमेकऱ्याला मात्र धुळीचा त्रास त्याच दिवशी होऊ शकतो.

घर जुने असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, आणि रक्तातले शिसे कोणत्याही प्रमाणात मुलांसाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 4 वर्षांचे मूल जमिनीवर खेळते, तोच हात तोंडात घालते, त्यामुळे जुना रंग कोरडा घासून काढण्याची पद्धत तुमच्या घरात मुळीच चालणार नाही. आधी रंगाचा नमुना तपासून घ्या. छपराला, पाण्याच्या टाकीला किंवा नळीला जुने आस्बेस्टॉस (ज्याचे तंतू श्वासात गेल्यास घातक ठरतात असे खनिज) असल्याचा संशय असेल तर ते फोडू, कापू किंवा घासू देऊ नका; त्यासाठी त्या कामाची माहिती असलेला माणूस बोलवा.

धूळ अडवण्याची व्यवस्था साधी आहे, पण ती पहिल्या दिवशीच व्हायला हवी. कामाच्या खोलीच्या दाराला जाड प्लास्टिकचा पडदा चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवा आणि येण्याजाण्यासाठी त्याला चेन लावा. त्या खोलीच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून तो काम चालू असेपर्यंत सुरू ठेवा. खोलीतली हवा बाहेर जात राहिली की घरातली हवा त्या खोलीकडे ओढली जाते आणि धूळ उलटी घरात शिरत नाही. नुसता पडदा लावून पंखा न लावणारी घरे संध्याकाळी कपाटाच्या आतही धूळ सापडल्याची तक्रार करतात. संध्याकाळी कोरडा झाडू कुणालाही फिरवू देऊ नका, कारण दिवसभरात खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. ओल्या फडक्याने पुसावे, किंवा हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म धूळही अडवणारी गाळणी) असलेला व्हॅक्यूम मिळाला तर तो वापरावा. राडारोडा पोत्यांत भरूनच बाहेर काढावा आणि तो नेण्याचा मार्ग मुलांच्या खोलीसमोरून जाऊ नये. मुलांना मास्क लावून कामाच्या वेळी घरात ठेवण्यावर मात्र विसंबू नका, मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि कडेने हवा आत येतच राहते.

आता राहण्या-जाण्याचे उत्तर देता येईल. पूर्ण महिना बाहेर राहण्याची गरज मला दिसत नाही, आणि तसे केल्याने देखरेखही सुटते. तोडफोडीचे आणि नळ्या-वायरींसाठी भिंतींत झिरी (खाचा) मारण्याचे पहिले 4-5 दिवस, आणि शेवटी पुट्टी घासण्याचे व रंगाचे 3-4 दिवस, मुले आणि सासूबाई बाहेर असाव्यात. त्या दिवसांत आवाजही असह्य असतो: 85 डेसिबलच्या वर दीर्घकाळ राहणे कानांना अपायकारक मानले जाते आणि काँक्रीट फोडणारे यंत्र बंद खोलीत त्याच्या बरेच पुढे जाते. मधल्या काळात घरी राहता येते, अर्थात टाइल कापण्याची जागा बाहेर किंवा गच्चीवर ठेवली असेल तर.

सासूबाईंना हे सांगण्याची रीत महत्त्वाची आहे. वयस्क माणसाला कामाच्या वेळी नातेवाइकांकडे "पाठवले" की आपण अडगळ झालो असे वाटते, आणि ही भावना काम संपल्यावरही मनातून जात नाही. तारखा ठरवण्याआधी त्यांना तक्ता दाखवा, कोणत्या दिवशी काय फुटणार आहे ते सांगा, आणि नणंदेकडे की आणखी कुठे, हे त्यांनाच ठरवू द्या. त्या परत येतील त्या दिवशी त्यांची खाट, त्यांचा दिवा आणि औषधांचा डबा आधीच्याच जागी असायला हवा. माझ्या घरच्या कामात मी वडिलांच्या खोलीतले एक कपाट दोन हात पुढे सरकवले होते, दिवसा त्याची कोणालाच अडचण झाली नाही. रात्री ते नेहमीप्रमाणे दिवा न लावता उठले आणि त्या कपाटावर आदळले. सुदैवाने हाड मोडले नाही, पण कपाळावरची ती खोक पुढचे कित्येक दिवस मला दिसत राहिली. वयस्क माणसे रात्री डोळ्यांपेक्षा सवयीने चालतात, हे मला त्या वेळी सुचायला हवे होते. तेव्हापासून मी प्रत्येक घरात खाटेपासून शौचालयापर्यंतचा रात्रीचा मार्ग स्वतः चालून पाहतो आणि तिथे एक लहान दिवा रात्रभर लावायला सांगतो.

मघाशी म्हटलेली, कामाला न द्यायची खोली ही तुमच्या कुटुंबासाठी मला सर्वांत गरजेची वाटते. बहुतेक जण याच्या उलट करतात: एका खोलीत सगळ्या घराचे सामान छतापर्यंत रचतात आणि माणसे मोकळ्या राहिलेल्या जागेत फिरत राहतात. मोकळी राहिलेली जागा म्हणजे सहसा कामगारांची वाट असते. मी एका घरात दोन शाळकरी मुले 3 आठवडे जिन्यात बसून मोबाइल पाहताना पाहिली, कारण त्यांच्या पलंगावर ओट्याचे कप्पे ठेवले होते. त्यांच्या आईला ते रोज दिसत होते, पण कप्पे हलवायला दुसरी जागा उरली नव्हती. म्हणून सामान आधी कमी करा, लागेल तर महिनाभर दुसरीकडे ठेवा, आणि एक खोली पूर्णपणे घरासाठी राखा. तिथे हत्यारे, टाइल्सचे नमुने, कंत्राटदाराची बिले यांपैकी काहीही जाऊ नये, आणि तिथे बसून कामाची चर्चाही होऊ नये. मुलांची पुस्तके, खेळ, सर्वांची बसण्याची जागा आणि जेवण तिथेच. ही एक खोली जशीच्या तशी राहिली तर मुलांना बाकीचे घर मोडलेले फारसे खुपत नाही.

तात्पुरत्या स्वयंपाकाच्या मांडणीबद्दल थोडक्यात: ती न्हाणीघरापासून आणि राडारोड्याच्या वाटेपासून दूर असावी, विजेची शेगडी कामगारांच्या ग्राइंडरच्या जोडणीवर लावू नये, आणि विजेच्या मुख्य जोडणीला 30 मिलिअँपिअर वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच आहे ना, हे काम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. पाणी कोणत्या वेळी बंद राहणार, हे आदल्या संध्याकाळी कळले पाहिजे अशी अट घाला.

तुमच्या दोघांतल्या वादाकडे मी मुद्दाम शेवटी येतो आहे. टाइल्सचा रंग हे त्याचे कारण असेल असे मला वाटत नाही. कामाच्या ठिकाणी प्रश्न विचारला जातो सकाळी 9 वाजता, गवंड्याकडून, दारात, आणि जो समोर असेल तो उत्तर देतो. संध्याकाळी दुसरा घरी येतो आणि भिंत पाहून विचारतो, हे कुणी ठरवले? त्या प्रश्नात दोष देण्याचा हेतू नसला तरी ऐकणाऱ्याला तो दोषच वाटतो, कारण दिवसभर आवाजात आणि मुलांमागे तोच थकलेला असतो. सुट्टीमुळे तुमच्यापैकी जो घरी असेल त्याच्यावर मुले, सासूबाई आणि गवंडी असे तिन्हीकडचे प्रश्न एकाच वेळी येतील, हे आत्ताच मान्य करा.

यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. पहिला, निवड संपल्याशिवाय तोडफोड सुरू करू नका. नळ कोणता, हा प्रश्न शेवटी सोडवण्याचा वाटतो, पण भिंतीत दडणाऱ्या नळाचा मूळ भाग टाइल्स लागण्याआधी भिंतीत बसवावा लागतो. शॉवरची उंची, स्विचची जागा, ओट्याखालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या जोडण्या, न्हाणीघराचा उतार कुठल्या कोपऱ्याकडे, हे सारे गिलाव्याआधीचे निर्णय आहेत. टाइल्स, नळ, शौचालयाचे भांडे, दिवे यांची निवड होऊन वस्तू हाती आल्या की घरातले निम्मे वाद जागच्या जागी मिटतात. दुसरा उपाय असा की कामगारांच्या प्रश्नांसाठी एक वही दाराशी टांगा. तातडीचा धोका सोडून बाकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या द्यायचे नाही, तो वहीत लिहायचा, आणि कामगार गेल्यावर तुम्ही दोघांनी 15 मिनिटे काम पाहत फिरून त्याखाली उत्तर लिहून सही करायची. ही 15 मिनिटे संपली की त्या दिवसापुरता विषय संपला. कंत्राटदारांना सुरुवातीला ही पद्धत संथ वाटते, पण बदललेल्या शब्दामुळे पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाचा वेळ तिने वाचतो, म्हणून चांगले कंत्राटदार ती आनंदाने स्वीकारतात. त्यासोबत आठवड्यातला एक पूर्ण दिवस काम बंद, आणि रोज दुपारी कामगारांच्या जेवणाच्या वेळेला जोडून दीड तास यंत्रे बंद, हे करारात लिहून घ्या. धाकट्याची दुपारची झोप त्या दीड तासात बसेल.

मुलांना या कामापासून पूर्णपणे दूर ठेवणे मला योग्य वाटत नाही. मोठ्याला एक खरे काम देता येईल: गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढणे आणि त्यांवर तारीख व खोलीचे नाव लिहून ठेवणे. पुढे कधी भिंतीत खिळा ठोकायचा असेल तेव्हा नळी आणि वायर कुठून गेली आहे, हे त्याच फोटोंवरून कळेल. हे फोटो त्याने संध्याकाळच्या त्या 15 मिनिटांत, तुमच्यासोबत आणि पायात बूट घालूनच काढावेत. धाकट्याला कामाची जागा दिवसातून एकदा हात धरून दाखवा. जे अजिबात पाहू दिले जात नाही तिकडेच त्या वयाचे मूल पळते. एरवी त्या दाराला त्याच्या हाताला न लागणारी कडी असावी. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्वचेवर राहिले तर भाजल्यासारखी जखम करते, पण सुरुवातीला दुखत नाही म्हणून मूल सांगत नाही. हाताला लागले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि डोळ्यात गेले तर किमान 15-20 मिनिटे पाण्याने धुऊन तडक डॉक्टरांकडे न्या. पाणी साठवलेले पिंप आणि बादल्या झाकलेल्या असाव्यात, हेही कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी सांगा.

पाहुण्यांबाबत इतकेच की तोपर्यंत काय पूर्ण झालेच पाहिजे आणि काय राहिले तरी चालेल, याची यादी दोघांनी आजच करा. चालते शौचालय, गरम पाणी, दाराची कडी, पुरेसा उजेड आणि ओट्यावर स्वयंपाक करता येणे, हे पहिल्या यादीत. कपाटांची दारे, आरसा, शेवटचा रंगाचा हात हे दुसऱ्या यादीत सहज जाऊ शकतात. पाहुण्यांना आत्ताच फोन करून घराचे काम चालू असल्याचे सांगून ठेवा. आधी कळलेल्या अपुरेपणाचे कुणाला वाईट वाटत नाही आणि तुमच्या डोक्यावरचा ताणही त्याने निम्मा होतो.

घर साधारण किती वर्षांचे आहे, दुसरे शौचालय आहे का, आणि टाइल्स कापायला घराबाहेर जागा मिळेल का, ही तीन उत्तरे आणि कंत्राटदाराने दिलेला दिवसवार तक्ता मला कळवा. तक्त्यात गळती तपासण्याचे दिवस धरलेले आहेत का आणि मुलांनी व सासूबाईंनी नेमक्या कोणत्या तारखांना बाहेर असावे, हे मी त्यावरून मांडून देईन.